बकलावासोबत व्हिन्सान्तो आंबट का लागली? ग्रीसच्या गोड वाइन आणि त्यांच्या जोडीचं खाणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रीसच्या सहलीहून दोन बाटल्या आणल्या, सान्तोरिनी बेटाची व्हिन्सान्तो आणि सामोस बेटाची मस्कॅट, दोन्ही गोड वाइन. घरी पाहुणे बोलावले, जेवणानंतर बकलावा (पातळ पापुद्र्यांत सुका मेवा भरलेली, पाकातली मिठाई) मांडला आणि व्हिन्सान्तो उघडली. तिथे चाखताना दाट गोड लागलेली वाइन घरी आंबट आणि जराशी तुरट लागली. बाटली खराब निघाली का, सामोसची उरलेली बाटली कशासोबत उघडावी, आणि दिवाळीच्या फराळासोबत असली वाइन चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

बाटली खराब नव्हती. घात केला तो बकलावाच्या पाकाने. ग्रीसमध्येही पर्यटकांच्या टेबलावर ही जोडी सर्रास लावली जाते. गोड वाइन गोडाबरोबर, दोन्ही ग्रीक, मग जमलंच पाहिजे असा समज असतो. रेस्टॉरंटमध्ये वाइन वाढायचं काम करताना मला या एका समजुतीशी सर्वांत जास्त झगडावं लागलं आहे.

जीभ साखरेला फार लवकर सरावते. पाकात भिजलेला घास खाल्ला की त्यापुढे वाइनमधली साखर जाणवेनाशी होते आणि साखरेखाली जे झाकलेलं असतं ते उघडं पडतं. व्हिन्सान्तोत साखर लिटरला 200 ग्रॅमच्या वर सहज असते, पण तिच्याखाली जबरदस्त आम्लता असते आणि लाकडाच्या पिंपात काढलेल्या वर्षांचा तुरटपणाही असतो. तुमच्या पाहुण्यांना लागलं ते हेच. तीच वाइन खारवलेले बदाम खाऊन प्या, मघाचीच बाटली आहे यावर विश्वास बसणार नाही. मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडवा वर आणतं. म्हणून माझा पहिला नियम असा की ताटातला पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा. दुसरा नियम ग्रीक वाइनना विशेष लागू पडतो: वाइनमध्ये आम्लता किती आणि सुगंध किती ते आधी ओळखायचं आणि मग खाणं निवडायचं. फक्त गोडव्याकडे पाहिलं तर ग्रीसच्या सगळ्या गोड वाइन एकसारख्या वाटतात, प्रत्यक्षात त्यांच्यात फार अंतर आहे.

व्हिन्सान्तोपासून सुरुवात करतो. सान्तोरिनी हे ज्वालामुखीचं बेट. माती राखेची आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाची, पाऊस अगदी थोडा, वारा सतत. तिथे वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीलगत टोपलीसारखा गोल वळवतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात, म्हणजे वाऱ्याने सोलवटून निघत नाहीत. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या द्राक्षबागा खाऊन टाकणारी फायलोक्सेरा कीड या मातीत टिकलीच नाही, त्यामुळे इथले वेल अजून कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. मुख्य द्राक्ष असिर्तिको. व्हिन्सान्तोत ते निम्म्याहून जास्त असावंच लागतं, किमान 51 टक्के. बाकी प्रामुख्याने आइदानी आणि अथिरी ही दोन सुवासिक द्राक्षं. कडक उन्हात पूर्ण पिकूनही असिर्तिकोची आम्लता कमी होत नाही. गरम प्रदेशात असं द्राक्ष दुर्मिळ, आणि व्हिन्सान्तोची सगळी मजा तिथेच आहे.

काढणी ऑगस्टमध्ये होते. घड मोकळ्या जागेवर उन्हात पसरतात आणि साधारण 10 ते 14 दिवस तसेच ठेवतात. मध्ये हाताने उलटतात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या सुकतात. आपल्याकडे तासगाव-सांगली भागात बेदाणा शेडमध्ये, सावलीत, जाळ्यांवर सुकवतात. इथे घड थेट उन्हात असतात, पण पूर्ण बेदाणा होऊ देत नाहीत. साल तपकिरी पडून सुरकुतली आणि आत अजून चिकट रस आहे अशा वेळी उचलतात. पाणी उडालेलं असल्यामुळे रस थोडाच निघतो, आणि त्यात साखर इतकी असते की यीस्टला काम करणं जड जातं. आंबण्याची क्रिया महिनोन् महिने रेंगाळते आणि पुष्कळ साखर शिल्लक असतानाच आपोआप थांबते. वरून साखर घातलेली नसते. त्यानंतर वाइन कमीत कमी दोन वर्षं ओकच्या पिंपात राहते, चांगले उत्पादक त्याहून कितीतरी जास्त काळ ठेवतात. पिंपात हवा लागत राहते, रंग सोनेरीवरून तांबूस आणि शेवटी कॉफीकडे झुकतो. वासात वाळलेलं अंजीर, जर्दाळू, संत्र्याची वाळवलेली साल, अक्रोड, जळती साखर असं सगळं येतं. उत्पन्न कमी, सुकवताना वजन घटतं आणि वर इतकी वर्षं थांबायचं, त्यामुळे बाटली महाग असते. त्या किमतीबद्दल मला कधी तक्रार करावीशी वाटलेली नाही.

या वाइनला इतिहासही मोठा आहे. द्राक्षं उन्हात ठेवून मग वाइन करायची रीत ग्रीक कवी हेसिअडने सुमारे 2700 वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहे: दहा दिवस आणि दहा रात्री उन्हात, पाच दिवस सावलीत. पुढे व्हिन्सान्तो रशियात ऑर्थोडॉक्स चर्चच्या धार्मिक विधींसाठी जहाजं भरून जायची आणि इआ गावातल्या कप्तानांची मोठी घरं त्या काळातल्या समुद्री व्यापारावर उभी राहिली. 1917 च्या क्रांतीनंतर ते गिऱ्हाईक गेलं. इटलीतल्या टस्कनीत जवळपास याच नावाची वाइन होते. ती वेगळी, तिथे द्राक्षं छपराखाली सुकवतात आणि द्राक्षंही वेगळी असतात. बाटली घेताना सान्तोरिनीचं नाव पाहून घ्या.

आता तिच्यासोबत काय खायचं? बेटावरचंच सर्वांत चांगलं उत्तर म्हणजे मेलितिनिया. ईस्टरला सान्तोरिनीतल्या घरांतून करतात ती छोटी, तळहातात मावणारी, कडेला चिमटीने मुरड घातलेली उघडी टार्ट. पातळ, जराशी कडक पारी, आत मिझिथ्राचं सारण. मिझिथ्रा म्हणजे ताजं, बिनमिठाचं, रवाळ चीज. त्यात साखर बेताची आणि मस्तिका, म्हणजे खिऑस बेटावरच्या झाडाचा सुगंधी डिंक. भट्टीतून काढल्यावर वरचा भाग जागोजाग तपकिरी झालेला असतो. एक घास घेतला की तोंडात दुधाचा स्निग्धपणा राहतो. त्यावर व्हिन्सान्तोचा घोट घेतला की आम्लता तो स्निग्धपणा धुऊन काढते आणि मस्तिकाचा राळेसारखा वास वाइनमधल्या संत्र्याच्या सालीला जाऊन मिळतो. पाक कुठेच नाही, म्हणून वाइनचा गोडवा शाबूत राहतो. बकलावाच्या जागी हे असतं तर तुमची संध्याकाळ वेगळी झाली असती.

मुंबई-पुण्यात मेलितिनिया मिळणार नाहीत. पण बिनमिठाचं रिकोटा किंवा घरचं ताजं, नीट निथळलेलं पनीर मऊ मळून, थोडी साखर आणि किसलेली संत्र्याची साल घालून भाजलेलं टार्ट त्याच दिशेला जातं. वेलदोडा मात्र घालू नका, तो मस्तिकाची जागा घेत नाही आणि वाइनच्या वासावर चढून बसतो.

त्याहून सोपं म्हणजे चीज. नॅक्सोस बेटाचं ग्राव्हिएरा मुख्यतः गाईच्या दुधाचं, गोडसर, बदामी चवीचं. क्रीटचं ग्राव्हिएरा मेंढीच्या दुधाचं, जास्त ठसठशीत. सीरोस बेटाचं सान मिखाली कडक आणि तिखटसर. तिन्ही व्हिन्सान्तोबरोबर उत्तम. आणि सिक्लेडीज बेटांवरचं कोपानिस्ती, मऊ, खूप मुरलेलं, जिभेला चुरचुरणारं आणि खारट, ते व्हिन्सान्तोसमोर ठेवायला थोडं धाडस लागतं. मला ही जोडी फार आवडते. एवढ्या उग्र चीजला दुसरी वाइन सहसा पेलत नाही. भारतात जे मिळतं त्यातून जुनं पार्मेजान किंवा चांगलं मुरलेलं चेडार घ्या, सोबत सुकं अंजीर आणि भाजलेले अक्रोड. फेटा हे खारवलेलं पांढरं ग्रीक चीज मात्र नको. तो स्वतः आंबट, वाइन आंबट, दोघं एकमेकांना भिडतात.

सामोसचं गणित निराळं आहे. हे बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून, आणि सान्तोरिनीसारखं रखरखीत नाही, हिरवं. अँपेलोस डोंगराच्या उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेती केलेली, काही बागा 800 मीटरच्या वर. खालच्या बागांत द्राक्ष आधी पिकतं, वरच्या बागांत कितीतरी नंतर, त्यामुळे काढणी बराच काळ चालते. द्राक्ष एकच, बारीक दाण्याची पांढरी मस्कॅट. 1934 साली इथल्या द्राक्षउत्पादकांनी सहकारी संघ उभा केला आणि सामोसची बहुतेक वाइन आजही त्याच संघाकडून येते. सहकार म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावायला नको. मालाचा मोठा भाग पूर्वापार परदेशी जातो, फ्रान्स त्यात महत्त्वाचा.

सामोसची मस्कॅट म्हणजे एकच वाइन असं समजू नका, लेबल वाचा. व्हिन दू म्हटलेली असेल तर रसात सुरुवातीलाच अल्कोहोल मिसळून आंबणं होऊच दिलेलं नसतं. तिला ताज्या द्राक्षाची, गुलाबाची, मोसंबीच्या फुलाची चव असते. ग्रां क्रूमध्ये आंबणं मध्येच अल्कोहोल घालून थांबवतात, ती जरा नेमकी आणि कमी बोजड लागते. दोन्हींचं अल्कोहोल 15 टक्क्यांच्या आसपास. अँथेमिस पाच वर्षं ओकच्या पिंपात राहते, तिच्यात मध आणि सुक्या फळांची चव येते. आणि नेक्टार ही उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, अल्कोहोल न मिसळलेली, पिंपात मुरवलेली. ती व्हिन्सान्तोच्या सर्वांत जवळची, पण आम्लता तिच्याइतकी नाही.

मस्कॅटमध्ये सुगंध पुढे असतो आणि आम्लता बेताची, म्हणून खाणंही सुगंधाच्या अंगाने निवडायचं. ताजी फळं इथे चालतात, जी व्हिन्सान्तोबरोबर फिकी पडतात: पिकलेलं पीच, जर्दाळू, खरबूज, संत्र्याच्या फोडी. ग्रीसमधली पोर्तोकालोपिता, म्हणजे फिलो या कागदासारख्या पातळ पारीचे वाळलेले तुकडे, दही आणि संत्रं घालून केलेला केक, व्हिन दूबरोबर छान जातो, पण त्यावर पाक नेहमीपेक्षा निम्मा घालायला सांगतो मी. कुराबिएदेस हे नाताळचे बदामी, लोण्याचे, भुसभुशीत, पिठीसाखरेत घोळवलेले बिस्किट. वरची साखर थोडी झटकून खाल्लं तर ग्रां क्रूसोबत सुरेख. आणि फिलोत गुंडाळून भाजलेला फेटा, वर मध आणि तीळ. मघाशी फेटा नको म्हटलं ते व्हिन्सान्तोसाठी. इथे वाइनची आम्लता कमी असल्यामुळे चीजचा आंबट-खारटपणा जागेवर बसतो. अँथेमिस आणि नेक्टारला रोकफोरसारखं निळं चीज द्या. खारट, दमदार चीज आणि मुरलेली मस्कॅट ही मी न थकता सुचवत आलो आहे अशी जोडी आहे.

तुमच्या उरलेल्या बाटलीसाठी सर्वांत सोपं सांगतो. ग्रीसमध्ये दाट, निथळवलेलं दही, वर थाइमचा मध आणि अक्रोड खातात. आपल्याकडे चक्का घरात होतोच. ताजा, आंबट न झालेला, मलईच्या दुधाचा चक्का घ्या, साखर घालू नका, वर चमचाभर मध आणि हलके भाजलेले अक्रोड. सामोसची कोणतीही बाटली यासोबत उघडा. मधाचा हात मात्र आखडता ठेवा.

माव्रोदाफ्ने ही तिसरी मोठी वाइन, पेलोपोनीजच्या उत्तरेकडच्या पात्रास शहराभोवतीची, लाल आणि अल्कोहोल घालून थांबवलेली. बव्हेरियातून आलेल्या गुस्ताव क्लाउसने 1861 मध्ये पात्रासच्या वरच्या टेकडीवर आखाया क्लाउस ही वाइनरी सुरू केली आणि या वाइनचं नाव झालं. दाफ्ने नावाच्या काळ्या डोळ्यांच्या मुलीवरून नाव पडलं अशी कथा तिथे सांगतात. माव्रोदाफ्ने द्राक्षात कोरिंथचं काळं द्राक्ष, ज्याचा मनुका करतात ते, मिसळायला परवानगी आहे. हा मनुका कधीकाळी ग्रीसचा सर्वांत मोठा निर्यातीचा माल होता आणि 1893 च्या सुमारास त्याचा बाजार कोसळला तेव्हा सगळा देश हादरला होता. आजच्या स्वस्त माव्रोदाफ्नेत या दुसऱ्या द्राक्षाचा वाटा बराच असतो. चांगल्या बाटलीत माव्रोदाफ्नेच जास्त असते आणि ती जुन्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरलेली असते. हल्ली याच द्राक्षाची कोरडी, गोड नसलेली लाल वाइनही निघते, तेव्हा लेबलवर पात्रासची माव्रोदाफ्ने असं आहे ना ते बघा, नाहीतर चॉकलेटसोबत कोरडी वाइन उघडून बसाल.

कारण चॉकलेट हीच तिची जागा. व्हिन्सान्तो आणि मस्कॅट दोन्ही कडू चॉकलेटपुढे हरतात. माव्रोदाफ्नेत मनुका, कॉफी, जळती साखर हे आधीच असतं. 70 टक्के कोको, साखर कमी, वर मिठाचे दोन कण. अक्रोडाचा केक, म्हणजे कारिदोपिता, दालचिनी आणि लवंगेचा वास असलेला, हाही छान, पाक कमी असेल तर. केफालोनिया बेटावरही माव्रोदाफ्ने होते, मिळाली तर जरूर घ्या.

बाकीच्या वाइन पटकन सांगतो. लिम्नोस बेटाची मस्कॅट अलेक्झांड्रियाच्या मोठ्या दाण्याच्या मस्कॅटची, तिच्यात गुलाबासोबत पुदिन्यासारखा थंडावा असतो. लिंबाच्या टार्टसोबत घ्या. पात्रास, ऱ्होड्स आणि केफालोनियाच्या मस्कॅट सामोसच्या वळणाच्या. मोनेमव्हासिया-माल्व्हासिया ही मध्ययुगात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी युरोपभर नेलेल्या प्रसिद्ध वाइनचं पुनरुज्जीवन, तिला संरक्षित नाव, म्हणजे फक्त त्या प्रदेशातल्या वाइनलाच वापरता येणारं नाव, 2010 मध्ये मिळालं. तीही उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, तिला व्हिन्सान्तोसारखंच वागवा. कोमांदारिया नावाची सुंदर गोड वाइन दुकानात याच फळीवर दिसेल. ती ग्रीसची नाही, सायप्रसची आहे.

बकलावाच हवा असेल तर? घरी करा, पाकात मधाबरोबर भरपूर लिंबाचा रस आणि साल घाला, पाक नेहमीच्या एक तृतीयांश ठेवा, अक्रोड-पिस्ते जास्त आणि चिमूटभर मीठ. मग एखादी तरुण, आम्लता ठळक असलेली व्हिन्सान्तो त्याच्यापुढे टिकते. लुकुमादेस, म्हणजे मधात बुडवलेले तळलेले गोळे, आणि गालाक्तोबुरेको, म्हणजे फिलोत भरलेलं, पाकात भिजवलेलं कस्टर्ड, यांच्यासोबत मी वाइन देतच नाही, कडक ग्रीक कॉफी देतो.

फराळाचंही उत्तर याच तत्त्वावर. गुलाबजाम, जिलेबी, पाकातले चिरोटे, रव्याचे लाडू, हे सगळं वाइनपासून लांब ठेवा. शंकरपाळे, विशेषतः कमी गोडाचे, व्हिन्सान्तोसोबत फार छान, तूप आणि खुसखुशीतपणा दोन्ही तिला हवेसे. खसखशीचा अनारसाही चालतो, गूळ जपून घातलेला असेल तर. खारे काजू-बदाम तर आहेतच. चकली आणि लसणाचा चिवडा नको. तिखट तोंडावर 15 टक्के अल्कोहोल भाजतं आणि लसूण मस्कॅटचा सगळा सुगंध घालवतो. श्रीखंड आणि सामोसची व्हिन दू ही जोडी जमते, पण साखर निम्मी, वेलदोडा नाममात्र, केशर चालेल. पुरणपोळी जायफळाची, वर साजूक तूप, आणि माव्रोदाफ्नेचा छोटा पेला, हे एकदा नक्की करून बघा.

वाढताना पेल्यात 50-60 मिलिलिटरच घाला. मस्कॅट 8 ते 10 अंशांवर, व्हिन्सान्तो 12 ते 14 वर, माव्रोदाफ्ने 15-16 वर. भारतातल्या खोलीचं तापमान तिन्हींना जास्तच, गोडवा चिकट लागतो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. व्हिन्सान्तो आणि माव्रोदाफ्ने पिंपात हवा खाऊनच तयार झालेल्या असतात, तीन-चार आठवडे चांगल्या राहतात. मस्कॅट व्हिन दूचा सुगंध लवकर उडतो, ती दोन आठवड्यांत संपवा. तुमची व्हिन्सान्तो अर्धी शिल्लक असेल तर ती अजून उत्तम असणार. एकाच संध्याकाळी दोन्ही वाढायच्या असतील तर सामोस आधी, चक्का आणि अक्रोडांसोबत, आणि व्हिन्सान्तो नंतर, चीजसोबत.